पैसे न मोजता वेबसाइटवर ग्राहक येतात की नाही?

भांडीबाजारवाला
नाशिकच्या गंगापूर रोडच्या होमस्टेवाल्यांनी काल इथे लिहिले की, छोट्या व्यावसायिकाने जाहिरातीसाठी पैसे बाजूला काढावेत, बाकीचे मार्ग म्हणजे वेळेची नासाडी. हे मला अजिबात मान्य नाही. आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. पहिल्या वर्षी एका एजन्सीला आम्ही महिन्याला आठ हजार रुपये दिले. लोक येत, पान उघडताच निघून जात, आणि पैसे थांबवले त्या दिवसापासून तेही येईनासे झाले. मग मी गूगल सर्च कन्सोल पाहिले. लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत पोचतात, हे ते फुकट दाखवते. बहुतेकांचा प्रश्न कल्हईचा होता. पितळेच्या पातेल्यात आंबट पदार्थ करण्यापूर्वी कल्हई का लागते, ती उडाल्याचे कसे ओळखावे, हंड्याची किंमत वजनावरून कशी निघते, एवढेच मी कारागिरांना विचारून लिहिले. आज सर्वाधिक लोक त्याच पानावर येतात.

गंगापूर रोड होमस्टे
हंडा घेणारा महिनाभर विचार करतो; मुंबईचा पाहुणा गुरुवारी खोली शोधतो आणि शनिवारी येतो. लिहिलेला लेख गूगलच्या शोधात वर येईपर्यंत रिकाम्या खोल्यांवरच्या कर्जाचे हप्ते मी कशातून भरायचे? फुकट सोयींचाही भरवसा नसतो. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतून, बनणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्याच ना?

येवलेकर
तुम्ही दोघेही दुकान नाशिकचे चालवता आणि वेबसाइट मात्र इंग्रजीत ठेवता, हे मला खटकते. हातमागावरच्या पैठणीची नक्षी उलट बाजूनेही तशीच दिसते, हे मी मराठीत छायाचित्रांसह लिहिले, तेव्हा पुण्याच्या एका आजींनी ते वाचून नातीसाठी साडी मागवली.

भांडीबाजारवाला
कल्हईचे पान मराठीतच आहे. आधी उघडून पाहावे, मग आरोप करावा. मात्र मराठी माणूसही बरेचदा रोमन अक्षरांत शोधतो आणि प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे असते, म्हणून मी एक इंग्रजी पानही ठेवले आहे.

येवलेकर
रोमन अक्षरांत शोधणाऱ्यालाही उत्तर मराठीतच वाचायचे असते. त्याच्या टायपिंगच्या सवयीवरून त्याची भाषा ठरवणे अन्यायाचे आहे.

गंगापूर रोड होमस्टे
माझे निम्मे पाहुणे गुजराती आहेत. त्यांना मराठीत लिहून मी काय साधणार? भाषेचा अभिमान मलाही आहे, तो मला शिकवू नये.

येवलेकर
अभिमानाचा प्रश्नच नाही. मराठी पाने कमी असल्यामुळे तिथे स्पर्धा कमी असते, आणि पैसे नसलेल्याला तीच जागा परवडते. उरलेल्या निम्म्या पाहुण्यांचे काय?

भांडीबाजारवाला
येवलेकरांचे हे म्हणणे मला पटले. त्यांच्या आधीच्या आरोपाचा राग मात्र अजून गेलेला नाही. होमस्टेवाल्यांना एकच विचारतो. २०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला जाणारा माणूस गाडी कुठे लावायची, पहाटे कधी निघायचे, हे शोधणारच. त्याचे उत्तर तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

गंगापूर रोड होमस्टे
ठीक आहे, ते पान मी लिहीन, मराठीत आणि गुजरातीतही. परंतु गुरुवार ते शनिवारची जाहिरात मी बंद करणार नाही, कारण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेलाच जातो.