सणासमारंभात घरात आग : तुमचे अनुभव सांगा

काल कपाट आवरताना जुनी ओढणी हाती लागली. टोकाला वीतभर काळी, आकसलेली. धाकटीच्या वाढदिवसाला मेणबत्त्यांपलीकडचा कॅमेरा घ्यायला वाकले आणि ओढणी ज्योतीवरून गेली. मला पत्ताच नाही! जाऊबाईंनी न ओरडता ओलं फडकं दाबलं. सिंथेटिक कापड, जळण्याआधी वितळलं आणि बोटाला चिकटलं. सोलून काढायला गेले तर त्यांनी हात धरला, आधी नळाखाली नेलं. आता बावीस वर्षं झाली, पण काल परत पोटात गोळा आला. तुमच्याकडे असं काही झालंय?

*

तळणीची कढई पेटली होती आमची. सासरे पाण्याचा तांब्या घेऊन धावले, मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, ते पेटतं तेल घरभर उडवतं. गॅस बंद केला, परात झाकली. विझलं. मग नवऱ्याने "बघू तरी" म्हणून परात उचलली, परत भडका 🤦‍♀️ तेल गार झाल्याशिवाय उचलायचीच नाही!!

*

हे "बघू तरी"वाले सगळ्यांच्याच घरी असतात का?

*

माझ्याकडे दोन आहेत.

*

तो फेसाचा स्प्रे मारतात ना वाढदिवसाला, डब्यात ब्यूटेन-प्रोपेनसारखे गॅस असतात. भाच्याने मेणबत्त्या पेटलेल्या असताना मारला. भुवया गेल्या, बाकी ठीक. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत तो चकित झाल्यासारखा दिसतो 😂

*

हसू नये पण हसले. मेणबत्त्या विझल्यावरही लगेच नको तो स्प्रे, खोलीभर गॅस असतो.

*

घाईत लिहितोय, कुकर लावलाय. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन, त्यावर माळा, वर इस्त्री पण. प्लग पिवळा पडला होता, लक्ष कोण देतं. नशीब वासाने जाग आली. गुंडाळी असलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली आतून तापते. आणि झोपताना माळा बंद. बायको म्हणते रात्रीच तर छान दिसतात. दिसू देत.

*

कुकर उतरवा आधी.

*

भाजल्यावर टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नका. वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं. माझ्या आत्याने टूथपेस्ट लावली, डॉक्टरांनी ती धुताना तिला जास्त दुखलं. अंगठ्या, बांगड्या सुजायच्या आत काढा.

*

20 मिनिटं खूप होतात हो. मी चारला कंटाळलो होतो, डाग अजून आहे.

*

विषयांतर : ओढणी बावीस वर्षं जपून ठेवलीत? आमच्याकडे पोछा झाला असता.

*

धाकटीला दाखवायला ठेवली होती. तिने काल बघितली आणि विचारलं, "मग तो कॅमेरा कुठंय?" तो हरवलाय.

*

कुकरवाले, झाला का?

*

तीन शिट्ट्या जास्त झाल्या.