अनुभव धागा: पर्सियाना खाली, खुर्च्या बाहेर – भूमध्य समुद्राकडच्या गावातला उन्हाळा

मंडळी, धागा काढायचं कारण आमच्या गावच्या फार्मसीचा हिरवा क्रॉस. त्याच्यावर टेंपरेचर दिसतं, काल संध्याकाळी सहाला ४६ होतं (तो क्रॉस उन्हातच टांगलाय त्यामुळे दोन-तीन डिग्री फुगवून सांगतो हे मान्य), मी फोटो काढून अकोल्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला तर काकांचा रिप्लाय, "मग? आमचं मे महिन्यात रोजचंच." म्हटलं जाऊ दे, इथे विचारू.

मी स्पेनच्या हाएन प्रांतात एका छोट्या गावात राहते, नवरा इथलाच. बघाल तिकडे ऑलिव्ह. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच जुलैत सकाळी दहाला हौसेने सगळ्या खिडक्या उघडल्या, हवा खेळू दे म्हणून. सासूबाई आल्या, एक शब्द न बोलता घरभर फिरल्या आणि पर्सियाना (खिडकीबाहेरची गुंडाळीची झडप, दुकानाच्या शटरसारखी) खाडखाड खाली. तेव्हा कळलं, रात्रभर उघडं ठेवायचं, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायचं आणि मग दिवसभर गुहेत. भिंती हातभर जाड, बाहेरून चुना. आमच्याकडे एसी एका खोलीत आहे, बाकी घराचा कारभार चुन्यावरच.

स्वयंपाकघरात बोतीहो असतो, म्हणजे आपला माठच, पण वर कडी आणि बाजूला बारीक तोटी. तोंड न लावता वरून धार धरून पाणी प्यायचं. पाहुणे अंगावर सांडून घेतात, मी पहिल्याच दिवशी एक थेंब न सांडता प्यायले आणि सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या! इथली माझी सगळ्यात मोठी कमाई तीच बहुतेक.

जेवण रात्री दहाला, आणि अकरानंतर सगळी गल्ली खुर्च्या घेऊन दारात. याला इथे फ्रेस्को (म्हणजे गारवा) घेणं म्हणतात. काडिझ प्रांतातल्या आल्गार गावाने तर २०२१ मध्ये या ओट्यावरच्या गप्पांना युनेस्कोच्या वारसा यादीत घ्या म्हणून मोहीम काढली होती. आपल्या आज्ज्यांना कुणी सांगितलं असतं की हा वारसा आहे तर हसल्या असत्या.

तुम्ही कुठे कसे काढलेत दिवस? लिहा.

----

चंद्रपूरकर हजर. ४६ ला धागा काढतात होय, वा! आम्ही त्यात लग्नाच्या वराती काढतो. कूलर लावा, पन्हं प्या, झोपा.

----

(धागाकर्ती) दादा, मीही आधी असंच बोलायचे. पण दोन गोष्टी. एक, इथलं घड्याळ सूर्याच्या पुढे आहे, जून अखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि सगळ्यात कडक ऊन पाच-सहाला असतं, म्हणजे आपली संध्याकाळी बाहेर पडायची सवय इथे उपयोगाची नाही. दुसरं म्हणजे इथे मृग नाही हो. तुम्ही मे महिना दात-ओठ खाऊन काढता कारण जूनमध्ये ढग येणार हे माहीत असतं. इथे जूनमध्ये कुठे सुरुवात होते आणि सप्टेंबरपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत. २०२५ ला २८ जूनलाच वेल्वा प्रांतातल्या एल ग्रानादोला ४६ झालं होतं, म्हणजे पुढे अख्खा जुलै-ऑगस्ट शिल्लक. मला पहिल्या वर्षी उन्हापेक्षा त्याचंच रडू आलं, वाट कशाची बघायची तेच कळेना.

----

मृगाचं वाचून थांबलेच जरा. मी पीएचडीला सिसिलीत होते, सिराकुसाच्या आतल्या बाजूला एका गावात भाड्याने. ११ ऑगस्ट २०२१, शेजारच्या फ्लोरिदियाजवळ ४८.८ नोंदलं गेलं, युरोपातला रेकॉर्ड, जागतिक हवामान संघटनेने तो नंतर २०२४ मध्ये पक्का केला. त्याआधीचा १९७७ चा अथेन्सकडचा ४८ चा होता. पण त्या दिवशी रेकॉर्डबिकॉर्ड काही कळलं नाही. सिरोक्को सुटला होता, म्हणजे आफ्रिकेकडून येणारा वारा, आणि मी घराच्या दाराची लोखंडी कडी धरली तर हात भाजला. घरमालकीणबाई सत्तरीच्या, त्यांनी मला खाली आपल्या तळघरात बोलावलं आणि आम्ही दोघी वाइनच्या पिंपांशेजारी मोडक्या खुर्च्यांवर चार तास बसलो, त्यांचं इटालियन सिसिलियन वळणाचं, माझं पुस्तकी, तरी त्यांच्या तिन्ही सुनांची इत्थंभूत माहिती मला मिळाली.

सकाळी नाश्त्याला बदामाचा ग्रानिता आणि ब्रिओश पाव. बर्फाचा गोळा पावाला लावून खायचा म्हणजे काय, असं वाटलेलं, आता जुलै आला की तेच आठवतं. पाण्याचं मात्र विचारू नका. नळाला रोज पाणी नाही, प्रत्येक गच्चीवर टाकी, संपलं की टँकर मागवा. टँकरवाल्याची वाट बघत मी गच्चीवर उभी होते तेव्हा अगदी लातूरला असल्यासारखं वाटलं. २०२४ च्या दुष्काळात अग्रिजेंतोकडे तर पाण्याचं रेशनिंगच होतं.

----

क्रीट, ग्रीस. एका गावात सहा महिने रिमोट काम करत होतो. दुपारी चारला शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला आणि तीस सेकंदात वरच्या मजल्यावरची याया (आजी) दारात. रागावली नाही, फक्त ओठांवर बोट ठेवून उभी राहिली. मग कॅफेत कळलं की उन्हाळ्यात दुपारी ३ ते साडेपाच शांततेची वेळ असते आणि ती नुसती रीत नाही, सरकारी नियम आहे. त्या वेळात अख्खं गाव मेल्यासारखं, फक्त झाडांवरचे सिकाडा किडे किर्र ओरडत असतात, त्यांना नियम नाही. संध्याकाळी तिला चटणी नेऊन दिली, तिने कलिंगड आणि खारट फेटा चीज दिलं, एकत्र खातात, खाऊन बघा.

गंमत सोडून सांगायचं तर भीती आगीची. कडाक्याचं ऊन आणि त्यात सोसाट्याचा वारा असला की लोक सारखे डोंगराकडे बघतात. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला ईएरापेत्राकडे आग लागली तेव्हा मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला होतो, आमच्याकडे काही झालं नाही, पण कॅफेत पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी डाव अर्धवट ठेवला. त्यांना डाव सोडून उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

----

गोझो, माल्टा, नर्स आहे. इथे ४० पण होत नाही कधीकधी, पण दमटपणा असा की मुंबईकरांनाच कळेल. आणि हो, माठ इथे उपयोगाचा नाही, पाझरलेलं पाणी उडूनच जात नाही. २०२३ च्या जुलैत लाइट जायची, जमिनीखालच्या केबल तापून बिघडत होत्या. पिवळ्या दगडाची जुनी घरं बरी, आमचा नवा फ्लॅट म्हणजे तंदूर. मी चादर ओली करून फरशीवर झोपायचे, रूममेट केरळची, ती म्हणे हे आमच्याकडे पण करतात.

----

उशिरा लिहितोय. फ्रान्स, प्रोव्हांसमधलं गाव, मास्टर्स करताना द्राक्षाच्या मळ्यात सीझनल काम केलं. पहाटे कपाळाला टॉर्च लावून सुरू, अकराला बंद. आग लागायचा धोका असला की जंगलात जायलाच बंदी, उद्या जंगल उघडं की बंद याचा नकाशा आदल्या संध्याकाळी येतो, आमच्या गावात लोक बातम्यांसारखा तो बघायचे.

मी ज्यांच्याकडे राहायचो त्या बाई ८८ वर्षांच्या, एकट्या. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये १५ हजारांच्या आसपास माणसं उन्हाने गेली, बहुतेक म्हातारी, पुष्कळ जण एकटे राहणारे. तेव्हापासून गावच्या मेरीत (म्हणजे ग्रामपंचायतच) म्हाताऱ्यांची यादी असते, नाव दिलंत तर लाटेच्या दिवसांत फोन करून विचारतात, पाणी प्यायलात का, बरं आहे का. आमच्या बाईंनी नाव द्यायला साफ नकार दिला. "यादी म्हाताऱ्यांची आहे." त्यांच्या मुलाने गुपचूप मला लक्ष ठेवायला सांगून ठेवलेलं, मग मी रोज दुपारी दोनला काहीतरी निमित्त काढून खाली जायचो, मीठ संपलं, कात्री आहे का, वायफाय गेलं. आठवड्याने त्यांनी दारातच मिठाचा अख्खा डबा हातात दिला आणि म्हणाल्या, हा घे, आणि उद्या नुसताच ये.