स्वप्नील कुसळेच्या पदकातून ‘जिद्द-चिकाटी’ सोडून काय घ्यायचं?

राधानगरीकर
नोकरी करून राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या मुलांपुढे नेमबाज स्वप्नील कुसळेवर दहा मिनिटं बोलायचंय. कांबळवाडी गाव, रेल्वेत टीसी असताना पॅरिस 2024 ऑलिंपिकला कांस्य, एवढं सगळ्यांना पाठ आहे. जिद्द-चिकाटी म्हटलं की पोरं पेंगतात. उद्या सकाळपासून वापरता येईल असं त्याच्या खेळात काही आहे का?

दहा_पॉइंट_नऊ
आहे की. आधी आकडे बघा. 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून) आणि स्टँडिंगच्या (उभं राहून) प्रत्येकी 20 गोळ्या, एकूण 600 गुण. स्वप्नीलचे 198, 197 आणि 195, म्हणजे 590. फायनलला आठ जण जातात, हा सातवा. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर 589 वर अकरावा, बाहेर.

गेलेले गुण मांडा: 2, 3, 5. दहातले निम्मे एकट्या स्टँडिंगमध्ये गेले. हात टेकायला काही नाही, रायफल जड, शरीर डुलतं. आणि फायनलमध्ये नेमकी हीच पोझिशन शेवटी येते. पात्रतेचे गुण तिथे धरत नाहीत, एका गोळीला जास्तीत जास्त 10.9. 40 गोळ्यांनंतर तळाचे दोघं बाहेर, पुढे दर गोळीला एक. स्वप्नील नीलिंगनंतर सहावा होता, प्रोननंतर पाचवा. स्टँडिंगच्या 14 गोळ्यांत 141.3 काढून एकूण 451.4 वर तिसरा आला.

मुलांना मागच्या सराव परीक्षेत गेलेले गुण विषयवार लिहायला लावा. वेळेची वाटणी त्या आकड्यांवर करायची. आवडीवर सोडली की इतिहास चौथ्यांदा वाचून होतो आणि अर्थशास्त्र तसंच राहतं.

कोरा_सराव
वरच्यात भर. हांगझोऊच्या एशियाडला (2023) तो पुढे असताना स्टँडिंगमध्ये एक 7.6 गेला आणि चौथ्या नंबरवर घसरला. अशी गोळी बहुतेक वेळा का जाते? श्वास अर्धा सोडून थांबल्यावर सहा-आठ सेकंदांत ट्रिगर सुटायला हवा. त्यापुढे ताणलं की नजर थिजते, स्नायू थरथरतात, आणि नेमबाज ‘आता जाऊ दे’ म्हणून ओढतो. शिस्त अशी, की रायफल खाली घ्यायची, दोन श्वास, पुन्हा पहिल्यापासून. बाद फेरीतही एका गोळीला 50 सेकंद असतात, एकदा खाली घेणं सहज बसतं.

पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात 100 प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. अडकलात की खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, तेव्हा ‘जाऊ दे’वाली गोळी तिथेही महागच.

दुसरी सवय ‘कॉल’ची, माझ्या मते सगळ्यात कामाची. गोळी सुटल्यावर स्क्रीन बघण्याआधी ती कुठे लागली हे नेमबाज स्वतःशी सांगतो: ‘नऊ, उजवीकडे’. मग बघतो. कॉल जुळला तर चूक त्याला कळलेली आहे, सुधारता येते. कॉल दहाचा आणि गोळी आठला, तर डोळा मिटला असेल, ट्रिगरला झटका बसला असेल किंवा रायफल लवकर सोडली असेल. मुलांनी उत्तरतालिका उघडण्याआधी प्रत्येक उत्तरापुढे ‘पक्कं’, ‘अर्धं’ किंवा ‘अंदाज’ लिहावं. ‘पक्कं’ लिहून चुकलेले प्रश्न वेगळे काढा. उजळणी तिथून सुरू.

खडकी_लोकल
एक विनंती. ‘ड्युटी संपवून रात्री सराव केला’ असं रंगवू नका. तो 2009 मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2015 पासून मध्य रेल्वेत. खेळाडू म्हणून भरती झालेल्यांना शिबिरं आणि स्पर्धांसाठी सुट्टी मिळते. दिवसाचे नऊ तास खरोखर ऑफिसात घालवणाऱ्या पोराला ते चित्र दाखवलं तर त्याला स्वतःचीच लाज वाटेल, आणि तीही फुकट. पगार सुरू झाल्यावर पुढची वर्षं निवांतपणे खेळात घालता आली, एवढं सांगितलंत तरी पुरे.

राधानगरीकर
हे बरं झालं, ड्युटीचं वाक्य भाषणात होतंच. काढलं. पण मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिथे कॉल कसा करायचा?

कोरा_सराव
वही तपासायला देण्याआधी प्रत्येक उत्तराच्या समासात स्वतःच गुण टाकायचे, पेन्सिलीनं. दहापैकी सहा टाकले आणि तपासणाऱ्यानं तीन दिले, तर त्या तीन गुणांचं कारण त्याच्याकडूनच विचारून घ्या. आकडे जवळ आले की त्या विषयाला आठवड्याला एकच पेपर ठेवा.