लेक जेवेना, आणि फोन कपाटात आहे

मिरजेची आई:
लेक नववीत आहे, १४ वर्षांची. रविवारी संध्याकाळी पोह्यांची बशी हातात होती. फोन बघितला, बशी ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन पडली. दोन तासांनी कळलं. स्नॅपचॅटवर कोण कुठे आहे ते दाखवणारा नकाशा असतो, त्यावर तिच्या चारही मैत्रिणींची चित्रं एकाच घरावर दिसत होती. हिला कुणी बोलावलंच नव्हतं. पाचवीपासून या पाचजणी डबा एकत्र खातात हो. हिच्या बाबांनी चिडून फोन कपाटात ठेवला. तेव्हापासून ती धड जेवत नाही, आमच्याशी बोलत नाही. फोन परत द्यावा का? माझा जीव नुसता वरखाली होतोय.

कराडच्या बाई:
२२ वर्षं शाळेत शिकवलं. वगळणं तेव्हाही होतं, पण घरी आल्यावर पोरीची सुटका व्हायची. आता ते उशाशी येतं. तरीही फोन काढून घेऊ नका. दुखलं ते सांगितलं की शिक्षा होते, एवढंच ती यातून शिकेल. समोर बसवून विचारू नका, मुलं गप्प होतात. मेथी निवडायला घ्या, तिलाही एक जुडी द्या. आणि जेवण-झोप अशीच उडालेली राहिली तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात.

एकोणीस, पुणे:
काकू, मी हे अकरावीत भोगलंय. एक सांगते, नकाशावर घोस्ट मोड लावला तर आपण इतरांना दिसत नाही, पण त्या आपल्याला दिसतच राहतात. म्हणून तेवढ्याने भागत नाही. मी रात्री दीड वाजता उठून बघायचे. माझ्या आईने फोन घेतला नाही, ती शेजारी येऊन झोपली. मग मीच हळूहळू नकाशा उघडायचं सोडलं.

दोन मुलांचा बाप:
बाईंचं पटतं, पण रात्रीचा नियम हवाच. आमच्याकडे दहानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, माझाही. इन्स्टावर जन्मसाल खरं टाकलं असेल तर किशोर खात्याच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या खात्याच्या, सूचना रात्री १० ते सकाळी ७ आपोआप गप्प होतात. थोरलीने २००३ टाकून वय वाढवलं होतं, त्यामुळे काहीच लागू होत नव्हतं. ते एकदा तपासा.

मिरजेची आई:
काल फोन दिला. ह्यांनी स्वतः दिला, “चुकलं माझं” म्हणाले. मेथी नव्हती, शेंगा सोलायला बसलो. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, मी नसताना त्यांना मजा येते का, तेवढंच बघत होते.” मी काही बोलले नाही. रात्री अर्धी भाकरी खाल्ली तिने.