मदत हवी आहे: देवनागरीत एक्स्पोर्टची खूण कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,
दर शनिवारी कर्वेनगरात सातवी-आठवीच्या सहा मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. त्यांच्यासाठी मराठी कीवर्डांची एक छोटी भाषा लिहिली आहे. दुसरी फाइल हवी असली की 'जोडा भूमिती' लिहायचं, की तिच्यातलं झाडून सगळं इकडे येतं. गेल्या शनिवारी दोघींनी आपापल्या फाइलीत 'मोज' नावाचं फंक्शन लिहिलं. दोन्ही फायली जोडल्यावर दुसऱ्या मोजने पहिलं गुपचूप गिळलं, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ का चुकतंय ते शोधण्यात पाऊण तास गेला.

म्हणजे काय बाहेर द्यायचं (एक्स्पोर्ट करायचं) ते फाइलीनेच सांगायला हवं. गो भाषेची रीत मला आवडते: नाव कॅपिटल अक्षराने सुरू झालं की ते बाहेर दिसतं. पण देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून? (गोमध्ये तर काना-मात्रा असलेलं नावच चालत नाही!) पायथनसारखं आतल्या नावाआधी अंडरस्कोअर लावावं, तर मुलं इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करतात आणि त्या जागी विसर्ग उमटतो.

इम्पोर्टचं, म्हणजे दुसऱ्या फाइलीतून नावं आणण्याचंही अडलंय. जावास्क्रिप्टसारखी नावं आधी आणि फाइल शेवटी घेतली, तर नावं लिहिताना एडिटरला फाइलच माहीत नसते, तो सुचवणार काय? मराठीत फाइल आपसूक आधी येते, 'भूमिती मधून मोज आणा'. पण फाइलीचं नाव 'तक्ता' असेल तर 'तक्ता मधून' कानाला टोचतं, आणि 'तक्त्यामधून' लिहू दिलं तर पार्सरला (कोड वाचून समजून घेणाऱ्या भागाला) सामान्यरूप शिकवत बसावं लागेल. काय करू?

प्रतिसाद १:
विर्थ यांच्या ओबेरॉन भाषेत बाहेर द्यायच्या नावामागे नुसती चांदणी (*) लावतात. लिपी कुठलीही असो, चालेल.

धागाकर्ता:
कल्पना झकास, पण इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि ८ दाबलं की 'श्र' येतो. फंक्शनचं नाव 'मोजश्र' होईल!

प्रतिसाद २:
चिन्हांच्या नादी लागूच नका. हॅस्केल भाषेसारखी फाइलीच्या डोक्यावर यादी द्या: 'बाहेर मोज, परीघ'. फाइल उघडताच कळतं काय मिळणार. इम्पोर्टला 'तक्ता या फाइलीतून मोज आणा' करा. विभक्ती 'फाइल'ला लागते, नाव कोरडं राहतं. आणखी एक, नावं जुळवण्याआधी युनिकोड नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे साठवलेले प्रकार एकसारखे करून घ्या. 'फेऱ्या'मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला एक, तुलना केली की वेगळे.

धागाकर्ता:
'या फाइलीतून' हे डोक्यातच आलं नव्हतं! आजच बदललं. दोन मोज एकत्र आले तर आता एरर देतो. राहिलं टोपणनाव. 'मोजला वर्तुळमोज म्हणा' लिहिलं तर पुन्हा विभक्ती आडवी येते.

प्रतिसाद २:
'मोज उर्फ वर्तुळमोज'.