सहलीच्या टाकोंसाठी घरचा मसाला

प्रेषक: स्नेहल
विषय: [मंडळ] सहल: टाको मसाला विकत की घरचा?

नमस्कार मंडळी,

यंदा सहलीला टाको, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीत (टॉर्टियात) भरलेलं सारण, करायचे हे बैठकीत ठरलंच आहे. साठ माणसं धरली आहेत. सारण एकूण १६ पौंड लागेल: ८ पौंड चिकनचा खिमा आणि ८ पौंड डब्यातले काळे बीन्स. अडचण मसाल्याची आहे. बीन्स खाणाऱ्यांपैकी निम्मे कांदा-लसूण खात नाहीत, दोन घरांत गहू वर्ज्य आहे आणि लहान मुलं भरपूर आहेत. तयार पाकिटं आणू की कोणी घरी करून देईल?

स्नेहल

---

प्रेषक: निनाद

पाकिटं आणा. एका पौंडाला एक पाकीट, म्हणजे सोळा पाकिटं. विषय संपला. सहलीला जायचंय, मसाल्याची गिरणी काढायची नाहीये.

---

प्रेषक: मृणाल

निनाद, दुकानात गेलास की एक पाकीट उलटं करून वाच. अमेरिकेत लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. बऱ्याच पाकिटांवर मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी), कॉर्नस्टार्च आणि साखर पहिल्या काही नावांतच भेटतात. २८ ग्रॅमच्या पाकिटात खरा मसाला किती, याचा अंदाज त्यावरून येतो. शिवाय "स्पाइसेस" एवढं मोघम लिहिलं तरी नियमाला चालतं, आत नेमकं काय आहे ते कळत नाही. कांदा आणि लसूण यांची पूड मात्र नावानिशी लिहावीच लागते, आणि ती बहुतेक सगळ्या पाकिटांत असते. म्हणजे स्नेहलची पहिली अडचण पाकिटाने सुटणारच नाही.

गव्हाचं लेबलवर कळतं, ते ॲलर्जीच्या यादीत आहे. पण सोळा पाकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची आली तर सोळा वेळा वाचत बसावं लागेल.

अपर्णाताई घरी करतात असं ऐकलंय. ताई, प्रमाण द्याल का?

---

प्रेषक: अपर्णा

मृणाल, देते की. आधी मूळ मुद्दा: मीठ आणि स्टार्च मसाल्याच्या बरणीत घालायचं नाही. मीठ सारणानुसार बदलतं. डब्यातल्या बीन्समध्ये ते आधीच असतं, खिम्यात नसतं. एकदा बरणीत मिसळलं की मसाला वाढवला तर मीठही वाढतं, आणि मग पदार्थ एक तर फिका नाहीतर खारट.

१६ पौंडांसाठी, सपाट टेबलस्पूनने:

अँचो मिरचीची पूड १२
जिरेपूड ६
स्मोक्ड पॅप्रिका (धुरावलेल्या सौम्य मिरचीची पूड) ३
मेक्सिकन ओरेगानो ३
मिरपूड दीड

हे झालं मूळ मिश्रण. कांद्याची पूड २ आणि लसणाची पूड २ टेबलस्पून वेगळ्या छोट्या बाटलीत मिसळून ठेवायची. मग दर पौंडाला मूळ मिश्रण दीड टेबलस्पून, आणि ज्यांना चालतं त्यांच्या पातेल्यात छोट्या बाटलीतलं एक टीस्पून. तेवढ्यावरच कांदा-लसणाचा प्रश्न सुटतो, दोन वेगळे मसाले करत बसायला नको.

अँचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची. अख्ख्या मिळाल्या तर घरीच कुटा, वासात फार फरक पडतो. ओल्या फडक्याने पुसून, देठ आणि बिया काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंदच शेका. डाग काळा पडला की कडवटपणा आलाच, आणि तो पुढे कशानेही जात नाही. शेकूनही अँचो चिवटच राहते, ती मनुकेसारखी लवचिक असते. तशीच मिक्सरला लावली तर पात्याला गोळा चिकटतो. ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर ठेवून कडकडीत होऊ द्या, पूर्ण गार करा, मगच दळा. दळल्यावर झाकण लगेच उघडू नका, धुरळा बसू द्या. घरात सगळे शिंकतात.

ओरेगानो मेक्सिकनच घ्या. पिझ्झावरचा भूमध्यसागरी ओरेगानो पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकन व्हर्बेनाच्या कुळातला. झाडंच वेगळी आहेत. मेक्सिकन ओरेगानोला लिंबाच्या सालीसारखा वास असतो आणि जिऱ्यासमोर तो टिकतो. नाहीच मिळाला तर दुसरा चालेल, पण निम्मा घ्या.

अपर्णा

---

प्रेषक: मृणाल

ताई, घरात लाल तिखटाचा मोठा डबा आहे. अँचोऐवजी तेच वापरलं तर?

---

प्रेषक: अपर्णा

बारा टेबलस्पून तिखट? मुलं टाको सोडून पाण्याच्या नळाशी रांग लावतील. अँचोचा तिखटपणा साधारण १,००० ते २,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक) असतो, केयेन मिरचीचा ३०,००० ते ५०,०००. आपलं तिखट कोणत्या मिरचीचं आहे त्यावर ठरेल, पण ते अँचोच्या जवळपासही नसणार. अँचो इथे तिखटासाठी नाहीच. तिच्यामुळे रंग, दाटपणा आणि सुक्या मेव्यासारखी किंचित गोडसर चव येते. नसेल तर गोड पॅप्रिका ९ आणि काश्मिरी तिखट ३ टेबलस्पून घ्या. रंग छान येतो, खोली थोडी कमी पडते. ज्यांना झणझणीत हवं त्यांच्यासाठी केयेनची बाटली टेबलावर ठेवू.

इथल्या दुकानातली "चिली पावडर" आणणार असाल तर मात्र सावध. ती बहुधा नुसती मिरची नसते, त्यात जिरं, ओरेगानो, लसूण आणि पुष्कळदा मीठही असतं. म्हणजे लसूण न खाणाऱ्यांसाठी ती बादच.

---

प्रेषक: श्रीराम काका

मंडळी, मजा चालली आहे, चालू द्या. फक्त सहलीच्या फलकावर "अस्सल मेक्सिकन" असं लिहू नका, एवढीच विनंती. असा सुका टाको मसाला ही टेक्सासकडची, टेक्स-मेक्स पद्धतीची गोष्ट. मिरची, जिरं, ओरेगानो एकत्र दळून बाटलीत विकायचा धंदा विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने १८९०च्या दशकात टेक्सासातल्या न्यू ब्राउनफेल्समध्ये सुरू केला आणि पुढे तो सॅन अँटोनियोला गेला. मेक्सिकोत प्रत्येक टाकोची रीत निराळी. अल पास्तोरच्या डुकराच्या मांसाला ग्वाहियो मिरची आणि आचियोते या लाल बियांचं ओलं वाटण लावतात, कार्निटास म्हणजे डुकराचं मांस चरबीत मंद शिजतं, कार्ने आसादा या भाजलेल्या गोमांसाला बऱ्याच ठिकाणी मीठ आणि लिंबू पुरतं. एकच मसाला सगळ्याला, असं तिथे कोणी करत नाही.

---

प्रेषक: अपर्णा

काका, मान्य. फलकावर नुसतं "टाको" लिहू. पण टेक्स-मेक्सला कमी लेखू नका, तोही सव्वाशे वर्षं जुना स्वयंपाक झाला.

---

प्रेषक: निनाद

बरं, हरलो. पण पाकिटाच्या मसाल्याने सारणाला जी दाट ग्रेव्ही येते ती याने येईल का? आणि लसूण नसलेल्या पातेल्यात हिंग घातला तर?

---

प्रेषक: अपर्णा

हिंग घालायची कल्पना चांगली, पण डबीवरचं वाच. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. दोन घरांचा गहू वर्ज्य आहे, तेव्हा तांदळाच्या पिठाचा हिंग मिळाला तरच घालू. नाहीतर त्या पातेल्यात शेवटी लिंबू जरा जास्त पिळू.

दाटपणा कॉर्नस्टार्चचा असतो. आपण दर पौंडाला एक टीस्पून मासा हारिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, थोड्या पाण्यात कालवून शेवटी घालू. टॉर्टियाचाच वास येतो. पाकिटावर मात्र "ग्लुटेन-फ्री" लिहिलेलं बघून घ्या.

करायची रीत महत्त्वाची. पाकिटाच्या सूचनेप्रमाणे मसाला आणि पाणी एकदम ओतायचं नाही. मिरचीचा रंग आणि जिऱ्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. चिकनला चरबी कमी आणि बीन्सला नाहीच, म्हणून तेल सढळ हाताने घाला. मूळ मिश्रण मंद आचेवर तेलात अर्धा मिनिट परता, लसूण-कांद्याची पूड त्यानंतर, कारण ती चटकन करपते. मग खिमा किंवा बीन्स, दर पौंडाला पाऊण कप पाणी, आणि दहा मिनिटं उकळू द्या. खिमा मात्र पूर्ण शिजला आहे ना ते बघा. मीठ शेवटी: खिम्याला पौंडाला पाऊण टीस्पून, बीन्स आधी धुऊन घ्या आणि चव बघूनच घाला.

---

प्रेषक: मृणाल

आधी करून ठेवला तर गुठळ्या होतील ना? माझ्याकडे लसणाच्या पुडीचा दगड झाला होता.

---

प्रेषक: अपर्णा

लसूण आणि कांद्याची पूड हवेतला ओलावा शोषते, म्हणून तर ती वेगळी ठेवायची. छोट्या बाटलीत तांदळाचे थोडे दाणे टाका आणि वापरताना चाळा. मूळ मिश्रण काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात सहा महिने सुवासिक राहतं. उजेडात रंग उडतो. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, वाफेने वाट लागते.

---

प्रेषक: स्नेहल

अपर्णाताई, मनापासून आभार. ठरलं तर: अँचो आणि ओरेगानो मृणाल आणेल, दळण ताईंकडे. निनाद, तू तेल, लिंबं आणि तीन मोठी पातेली आण. लसूण नसलेल्या बीन्सच्या पातेल्याला हिरवी फीत बांधू आणि त्याचा डाव वेगळा ठेवू, कोणी तोच डाव इकडून तिकडे नेऊ नका. हिंग जे आणतील त्यांनी डबीचा फोटो आधी इथे टाकावा. काका, फलक तुम्हीच लिहा.

---

प्रेषक: श्रीराम काका

लिहितो. तीन पातेल्यांसमोर तीन चिठ्ठ्याही लिहितो, प्रत्येकीवर सगळे घटक. "स्पाइसेस" म्हणून सोडणार नाही.