उत्तर: शनिवारचा माहितीपट, सबटायटलमधला तो शब्द

मंडळी,
ब्राझीलचा गायक विल्सन सिमोनाल, त्याच्यावरच्या माहितीपटाची मराठी सबटायटलं निम्मी झाली. पुढे 'देदु-दुरु' हा पोर्तुगीज शब्द सारखा येतो, म्हणजे दुसऱ्याची नावं पोलिसांना सांगणारा. शब्दशः 'ताठ बोट'. मी 'फितूर' टाकलंय. हरकत असेल तर आज रात्रीच कळवा, शनिवारी सकाळी फाइलला हात लावणार नाही.
– नाना

नाना, फितूर नको! फितूर किल्ल्याचा दरवाजा उघडतो. सिमोनालने १९७१ मध्ये, तिथे लष्करी राजवट असताना, पैसे खाल्ल्याच्या संशयावरून आपल्याच हिशेबनिसाला उचलून राजकीय पोलिसांच्या ताब्यात दिलं. तिथे मारहाण करून कबुली लिहून घेतली. तो गुन्हा कोर्टात शाबीत झाला. पण इतर कलाकारांची नावं लष्कराला पुरवली, याचा कागद कुठे आहे? १९९१ मध्ये तर 'नोंद नाही' असं सरकारी पत्र मिळवून बिचारा दाखवत फिरायचा. 'खबऱ्या' लिहा, तेही अवतरणचिन्हांत. रिओत सहा वर्षं काढलीत मी, एवढं तरी ऐका.
– काकू

'बिचारा' कशाला? तो हिशेबनीस स्वतः पडद्यावर येऊन बोलतो, ते बघा आधी. मी खजिनदार आहे, मला अंगावर काटा आला. हॉल नऊला सोडायचाय. कापायचंच तर गाणी कापा.
– अप्पा

गाणी कापा?? १९६९ साली रिओच्या मराकानाझिन्यो स्टेडियममध्ये ३० हजार लोक त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर गात होते. पुढे 'पास्किं' या राजवटीविरोधी व्यंग-साप्ताहिकाने तेच बोट चितारून त्याची वाट लावली. काळा माणूस मर्सिडीज फिरवतो हेही पुष्कळांना खुपत होतंच. आणि कार्यक्रम सांस्कृतिक समितीचा आहे, खजिनदारांचा नाही.
– सांस्कृतिक समिती

आणीबाणीत आमच्या चाळीत एकाला सगळे खबऱ्या म्हणायचे. रोज चौकीत दिसायचा. सत्त्याहत्तरनंतर कळलं, मुलाच्या पासपोर्टासाठी खेटे घालत होता. तोवर मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. चाळीतलं कोणी गेलं नाही. आम्हीही नाही.
– दादरकर आजोबा

आजोबा, पासपोर्टासाठी अजूनही तेवढेच खेटे घालावे लागतात!
– अप्पा

'खबऱ्या' केलं. गाणी राहतील, हॉलचं अप्पांनी बघावं. अवतरणचिन्हांच्या जागी टीव्हीवर चौकोन येतायत, काकू, ती काढतोय. एचडीएमआयची वायर कोणाकडे आहे? दिवाळीला नेलेली परत आलेली नाही.
– नाना

नाना, चिन्हं काढू नका. फॉन्ट बदला.
– काकू